एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या दोन वर्षांचा तक्ता कसा वाचावा

पदवीचे निकाल लागले की नागपुरातील, तसेच भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांतील विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेशाच्या चौकशीला लागतात. मी संगणकशास्त्र शिकवत असल्यामुळे त्यांतले बरेच जण माझ्याकडेही येतात, बहुधा आईवडिलांपैकी कोणाला तरी सोबत घेऊन. "सर, एम.एस्सी. करू की एम.सी.ए.?" हा पहिला प्रश्न असतो, मग फी, वसतिगृह आणि प्लेसमेंट यांची विचारपूस होते. हे प्रश्न रास्तच आहेत, कारण दोन वर्षांचा खर्च घराला सोसायचा असतो. मात्र या पदवीत काय शिकवले जाते, कोणत्या क्रमाने आणि कशाला किती वजन देऊन, हे सांगणारा तक्ता प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही पानांत छापलेला असतो, आणि तो प्रवेश होईपर्यंत क्वचितच कोणी उघडून पाहतो. एम.एस्सी., एम.सी.ए. आणि एम.टेक. यांतला खरा फरक त्याच तक्त्यात आहे असे माझे ठाम मत आहे, म्हणून तो कसा वाचावा हे येथे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत, आणि 1923 साली स्थापन झालेल्या आपल्या नागपूर विद्यापीठातही, नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांची चौकट 2023-24 पासून बदलली. दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला एकूण 88 क्रेडिट आहेत, म्हणजे चार सेमिस्टरमध्ये प्रत्येकी 22. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तासांचे अध्यापन आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तासांचे प्रयोगशाळेतील काम, असा हिशेब असतो. त्यामुळे चार क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे 60 तासांचे वर्ग, आणि दोन क्रेडिटचे प्रात्यक्षिक म्हणजेही 60 तासच. हे एकदा ध्यानात आले की "प्रॅक्टिकलला दोनच क्रेडिट आहेत" म्हणून प्रयोगशाळा दुय्यम मानण्याची चूक होत नाही. वेळ दोन्हीकडे सारखाच जातो.

आता ही 88 क्रेडिट कशावर खर्च होतात ते पाहू. त्यांतली 54 मुख्य विषयाच्या अनिवार्य पेपरांना आहेत. प्रत्येक सेमिस्टरला एक याप्रमाणे चार इलेक्टिव्ह (ऐच्छिक पेपर) असतात आणि त्यांची मिळून 16 क्रेडिट होतात. पहिल्या सेमिस्टरमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीला 4, दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला 4, आणि संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सेमिस्टरमध्ये 4 व चौथ्यात 6 मिळून 10. एवढी बेरीज केली तरी पदवीचा कल स्पष्ट होतो: वजन अजूनही वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांकडे आहे, आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाला एकूण भाराच्या 11 टक्क्यांच्या आसपास जागा आहे. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे एम.टेक.शी तुलना करताना तो उपयोगी पडेल.

अनिवार्य पेपरांची नावे वाचून विद्यार्थ्यांना वाटते की हे सगळे आपण बी.एस्सी.ला किंवा बी.सी.ए.ला केलेलेच आहे. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर. नावापुढे फार तर "अॅडव्हान्स्ड" एवढा शब्द वाढलेला असतो. परंतु विषय तोच असला तरी त्याला विचारला जाणारा प्रश्न बदललेला असतो. सीताबर्डीहून कामठीला जाण्याचा सर्वांत कमी वेळेचा रस्ता शोधायचा आहे असे समजा. पदवीला आपण डायक्स्ट्राचा अल्गोरिदम शिकतो, तो 1959 साली प्रसिद्ध झाला हे वाचतो, सहा-सात नोडांच्या, म्हणजे ठिकाणांच्या, आकृतीवर हाताने चालवून दाखवतो आणि फार तर त्याचा प्रोग्राम लिहितो. परीक्षेत त्याचे पूर्ण गुण मिळतात.

पदव्युत्तर वर्गात याच अल्गोरिदमपाशी तीन नवे प्रश्न उभे राहतात. पहिला, तो बरोबर उत्तर देतो हे कशावरून? अल्गोरिदम दर टप्प्याला सर्वांत जवळचा उरलेला नोड उचलतो आणि त्याचे अंतर कायम ठरवून टाकतो. हे धाडस त्याला परवडते, कारण त्या नोडाकडे येणारी दुसरी कोणतीही वाट आधी दुसऱ्या एखाद्या न ठरलेल्या नोडावरून जाईल, तो नोड निदान तेवढ्याच अंतरावर असेल, आणि पुढची कोणतीही एज, म्हणजे दोन नोडांना जोडणारा रस्ता, ऋण अंतराची नसल्यामुळे ती वाट तेथून आणखी लहान होऊ शकणार नाही. ही सिद्धता समजली की ऋण एज आली तर अल्गोरिदम नेमका कोठे मोडतो हेही आपोआप समजते, आणि ऋण एजही हाताळणाऱ्या बेलमन-फोर्ड अल्गोरिदमची गरज पाठ करावी लागत नाही. दुसरा प्रश्न वेळेचा. नोडांची यादी साध्या अॅरेमध्ये ठेवली तर नोडसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. शहराच्या रस्त्यांप्रमाणे एजांची संख्या कमी असेल तर हीपमुळे, म्हणजे सर्वांत लहान नोंद चटकन हाती देणाऱ्या रचनेमुळे, तो वेळ बराच खाली येतो. आणि फ्रेडमन व टार्जन यांनी 1980 च्या दशकात मांडलेला फिबोनाची हीप कागदावर त्याहून सरस ठरतो, तरी प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये साधा बायनरी हीपच अनेकदा वेगवान का पडतो, याचा विचार करावा लागतो. तिसरा प्रश्न आकाराचा: एका शहराऐवजी सबंध देशाचे रस्ते घेतले आणि दर सेकंदाला हजारो लोक मार्ग विचारू लागले, तर आधीच काय काढून ठेवायचे आणि कोणत्या यंत्रावर ठेवायचे? एका जुन्या अल्गोरिदममधून सिद्धता, विश्लेषण आणि प्रणालीची रचना अशा तीन दिशा निघतात, आणि अनिवार्य पेपरांची 54 क्रेडिट याच तीन दिशांत विभागलेली असतात. तक्त्यातील प्रत्येक पेपरापुढे तो यांपैकी कोणत्या दिशेचा आहे हे पेन्सिलीने लिहून पाहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

सिद्धतेच्या बाजूचे पेपर नोकरीला उपयोगाचे नाहीत ही तक्रार मला दरवर्षी ऐकू येते आणि ती मला मान्य नाही. काही समस्या अशा असतात की त्यांतल्या एकीला वेगवान अल्गोरिदम सापडला तर सगळ्यांनाच सापडेल, आणि तो आजवर कोणालाही सापडलेला नाही; संगणकशास्त्रज्ञ कुक यांनी 1971 मध्ये आणि कार्प यांनी 1972 मध्ये अशा समस्या दाखवून दिल्या, आणि त्यावरच एखाद्या समस्येचे वेगवान उत्तर शोधत बसावे की जवळपासचे उत्तर घेऊन पुढे जावे हा निर्णय आजही आधारलेला आहे. कार्प यांनी एकमेकींत रूपांतरित करून दाखवलेल्या 21 समस्यांच्या यादीत कामाच्या पाळ्या लावण्याचीही एक समस्या आहे. कारखान्याचे किंवा महाविद्यालयाचे वेळापत्रक तयार करून देण्याचे काम घेणाऱ्याला ही यादी ठाऊक नसेल, तर तो अशक्यप्राय गोष्टीचे वचन देऊन बसेल.

इलेक्टिव्हबद्दल माझे म्हणणे थोडे कठोर आहे. मित्र कोणते घेत आहेत किंवा कोणत्या नावाला सध्या मागणी आहे, हे पाहून बहुतेक जण निवड करतात; त्यामुळे पहिल्यात मशीन लर्निंग, दुसऱ्यात क्लाउड, तिसऱ्यात ब्लॉकचेन आणि चौथ्यात सायबर सिक्युरिटी अशी एकमेकांशी संबंध नसलेली चार टोके तयार होतात. प्रत्येक इलेक्टिव्ह चार क्रेडिटचा, आणि तेवढ्या वेळात कोणत्याही विषयाची फक्त ओळख होते. याउलट चारही इलेक्टिव्ह एकाच दिशेने लावले, उदाहरणार्थ पहिल्यात प्रतिमा प्रक्रिया, दुसऱ्यात मशीन लर्निंग, तिसऱ्यात डीप लर्निंग आणि चौथ्यात त्यांचाच एखादा उपयोग, तर 16 क्रेडिटची एक सलग वाट मिळते आणि ती थेट प्रकल्पापर्यंत जाते. म्हणून इलेक्टिव्हची निवड शेवटाकडून करावी: आधी प्रकल्प साधारण कोणत्या क्षेत्रात करायचा हे ठरवावे आणि मग त्याला लागणारे पेपर मागे मागे लावत यावेत. हवा तो इलेक्टिव्ह महाविद्यालयात शिकवायला कोणी नसेल, असेही होते; तेव्हा केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरील 8 किंवा 12 आठवड्यांचे एन.पी.टी.ई.एल.चे (आय.आय.टी. व आय.आय.एस्सी.च्या उपक्रमाचे) ऑनलाइन अभ्यासक्रम कामी येतात, आणि विद्यापीठाची मान्यता असेल तर त्यांची क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. ती मान्यता आपल्या विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्यावी.

या संदर्भात गणिताचे वेगळे सांगायला हवे. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांचा पाया कच्चा असेल तर मशीन लर्निंगचा पेपर म्हणजे लायब्ररीतील फंक्शनांची नावे पाठ करणे एवढाच उरतो. तक्त्यात गणिताला स्वतंत्र जागा थोडी असते किंवा नसतेच, म्हणून प्रवेशाआधीच्या सुट्टीत मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, सशर्त संभाव्यता आणि बेजचा नियम एवढे तरी पुन्हा हाताने सोडवून घ्यावे.

रिसर्च मेथडॉलॉजी पहिल्या सेमिस्टरमध्ये ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. ज्या विद्यार्थ्याकडे अजून स्वतःचा प्रश्न नाही त्याला गृहीतक कसे तपासावे हे शिकवले, तर तो व्याख्या लिहून उत्तीर्ण होतो आणि तिसऱ्या सेमिस्टरमध्ये सारे पुन्हा शिकावे लागते. चौकट बदलणे आपल्या हाती नाही, तरी तिचा उपयोग करून घेणे हाती आहे. या पेपरच्या काळात आठवड्याला एक शोधनिबंध पूर्ण वाचावा आणि त्यावर एक पान लिहावे: लेखकांनी काय विचारले, कोणत्या डेटावर तपासले, कशाशी तुलना केली आणि काय तपासायचे सोडले. सेमिस्टर संपेपर्यंत जवळ आलेली ही पाने पुढे प्रकल्पाच्या साहित्य आढाव्यात जशीच्या तशी उपयोगी पडतात. साहित्यचौर्याचे नियमही याच वेळी नीट वाचावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढत जाते. सॉफ्टवेअरने दाखवलेली टक्केवारी कमी आली म्हणजे काम स्वतःचे झाले असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

एम.टेक.ची रचना याहून पुरती वेगळी आहे. नागपुरातील दक्षिण अंबाझरी मार्गावरील व्ही.एन.आय.टी., जी 1960 मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली आणि 2002 मध्ये एन.आय.टी. (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) झाली, तिच्यासारख्या संस्थेत प्रवेश प्रामुख्याने गेट या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेच्या गुणांवर आणि सी.सी.एम.टी.च्या केंद्रीय समुपदेशनातून मिळतो. गेटचा पेपर तीन तासांचा, 65 प्रश्नांचा आणि 100 गुणांचा असतो, त्यातले 15 गुण सामान्य क्षमतेला असतात आणि मिळालेला स्कोअर तीन वर्षे चालतो. संगणकशास्त्राच्या पेपरखेरीज 2024 पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपरही सुरू झाला आहे. ए.आय.सी.टी.ई. म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात एम.टेक.ची एकूण 68 क्रेडिट आहेत आणि त्यांतली 26 डेझर्टेशनच्या (प्रबंधाच्या) दोन टप्प्यांना दिलेली आहेत, म्हणजे 38 टक्के. एम.एस्सी.च्या 11 टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की दोन पदव्यांचा स्वभाव कळतो. एम.टेक.चे पहिले वर्ष विषयांचे आणि दुसरे जवळजवळ पूर्ण एका प्रश्नाचे; ज्याला तो प्रश्न एकट्याने वर्षभर धरून ठेवता येणार नाही त्याला हे दुसरे वर्ष फार जड जाते. गेट उत्तीर्ण होऊन प्रवेश घेणाऱ्यांना दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, आणि नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही रक्कम निर्णय बदलण्याइतकी मोठी आहे. एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. झाल्यावरही गेट देऊन एम.टेक.कडे जाता येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

एम.सी.ए.बद्दल थोडक्यात. हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता आणि 2020-21 पासून दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात प्रवेश राज्याच्या सी.ई.टी.मधून होतो आणि बारावीला किंवा पदवीला गणित असणे इष्ट मानले जाते. त्याचा कल सॉफ्टवेअर तयार करण्याकडे आहे, आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या सेमिस्टरचा मोठा भाग कंपनीतील कामाला दिलेला असतो. वाणिज्य किंवा इतर शाखेतून येणाऱ्यांना तीन वर्षांत जो पाया हळूहळू भरता येत होता, तो आता ब्रिज कोर्स आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये घाईने भरावा लागतो. ज्याला नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कंपनीत किंवा पुण्याला जाऊन विकसक म्हणून लवकर कामाला लागायचे आहे त्याने एम.सी.ए. निःसंकोच करावे; ज्याला पुढे नेट, सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षांचा किंवा पीएच.डी.चा विचार करायचा आहे त्याला एम.एस्सी. अधिक सोयीची पडते.

नव्या चौकटीत पहिले वर्ष पूर्ण करून, 44 क्रेडिटवर, पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एकाच वर्षात पदव्युत्तर पदवी मिळवण्याची सोयही आहे. घरची अडचण असणाऱ्यांसाठी पहिली तरतूद मोलाची आहे. तिला पदवीचा पर्याय समजू नये एवढेच माझे सांगणे, कारण प्रकल्पाची सगळी क्रेडिट दुसऱ्या वर्षात आहेत.

त्या प्रकल्पाविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे. नागपूर हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी फार संपन्न शहर आहे आणि आपण त्याचा पुरेसा लाभ घेत नाही. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, कापसाची केंद्रीय संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी, आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र म्हणजे एम.आर.सॅक., या सगळ्या संस्था याच शहरात आहेत. माती, पाणी, हवा, पीक आणि उपग्रहाची चित्रे यांचे जाणकार काही किलोमीटरांवर बसलेले असताना आपले प्रकल्प मात्र इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या, हजारोंनी वापरून झालेल्या डेटासेटवर होतात. दुसऱ्या सेमिस्टरमधील ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची 4 क्रेडिट अशा एखाद्या संस्थेच्या विषयाकडे वळवता आली, तर तिसऱ्या सेमिस्टरच्या आरंभीच हाती प्रश्न असतो.

एक उदाहरण घेऊ. काटोल, नरखेड किंवा वरूडकडच्या संत्र्याच्या बागांतून पानांची छायाचित्रे घेऊन रोग ओळखण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांना आवडतो. समजा चाळीस झाडांची प्रत्येकी पन्नास, अशी दोन हजार छायाचित्रे घेतली. नेहमीच्या सवयीने ती सारी एकत्र मिसळली आणि ऐंशी टक्के शिकवायला व वीस टक्के तपासायला ठेवली, तर एकाच झाडाची, त्याच उन्हातली, त्याच मोबाइलने काढलेली पाने दोन्ही गटांत जातात. मॉडेल, म्हणजे छायाचित्रांवरून शिकणारा प्रोग्राम, रोगाऐवजी ते झाड, ती सावली आणि मागची माती ओळखायला शिकते, अचूकता नव्वदीच्या वर दिसते आणि सगळे खूश होतात. विभागणी छायाचित्रांनुसार न करता झाडांनुसार करावी, जमल्यास बागांनुसार: काटोलच्या बागांवर शिकवावे आणि वरूडच्या बागांवर तपासावे. आकडा खाली येतो, कधी बराच खाली येतो, परंतु तो खरा असतो आणि शेतकऱ्याला उपयोगी पडण्याची शक्यता त्याच आकड्यातून कळते. त्यापुढचे प्रश्न आणखी चांगले आहेत. रोगट पाने निरोगी पानांपेक्षा खूप कमी असतील तर निव्वळ अचूकता फसवी ठरते. मग प्रत्येक रोगाची किती पाने सुटली आणि किती चुकीने पकडली गेली हे वेगवेगळे मोजावे लागते. पानावरचा डाग जस्ताच्या कमतरतेचा आहे की रोगाचा, हे ठरवून लेबल कोणी दिले, आणि दोन तज्ज्ञांनी एकाच पानाला वेगळे लेबल दिले तर काय केले, हेही नोंदवावे लागते. एवढे काम प्रामाणिकपणे केलेला प्रबंध, त्यात नवा अल्गोरिदम नसला तरी, माझ्या दृष्टीने उत्तम प्रबंध आहे.

तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक बहुधा याच जागी बोट ठेवतात. मॉडेलमध्ये किती थर आहेत हे ते विचारतील, पण गुण ठरतात ते वेगळ्या प्रश्नांवर: साध्यात साधी पद्धत वापरली असती तर किती आले असते, कोणती छायाचित्रे चुकली आणि ती चुकण्यामागे काही समान कारण दिसते का, हाच प्रयोग दुसऱ्याने केला तर त्याला तोच आकडा मिळेल का. म्हणून प्रोग्राम, त्याची प्रत्येक आवृत्ती आणि प्रयोगांची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी लागते.

कामाचा क्रम तक्त्यावरूनच बसवता येतो. तिसऱ्या सेमिस्टरची 4 क्रेडिट म्हणजे विषय, आढावा, डेटा आणि साध्या पद्धतीचा पहिला निकाल, आणि हे दिवाळीच्या सुट्टीआधी हाती असायला हवे; मृग बहाराची किंवा आंबिया बहाराची (संत्र्याच्या दोन फुलोऱ्यांच्या हंगामांतली) पाने हवी असतील तर बागेत जाण्याचा काळही त्यानुसार आधी ठरवावा लागतो, कारण झाड सेमिस्टरसाठी थांबत नाही. चौथ्या सेमिस्टरच्या 6 क्रेडिटमध्ये मुख्य प्रयोग फेब्रुवारीअखेर थांबवावेत आणि मार्च लेखनाला ठेवावा. लेखनाची सुरुवात निकालाच्या प्रकरणापासून करावी, प्रस्तावना शेवटी लिहावी, आणि मार्गदर्शकांना पहिला खर्डा देताना त्यांच्याकडे वाचायला निदान दोन आठवडे राहतील असा दिवस त्यांना विचारूनच ठरवावा.